झाकणासकट

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
क्रास्निकहून वॉर्साला येणाऱ्या बसच्या पोटात
माझ्या नावाची एक जड पिशवी असते.
आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बरण्या.
शेपू घातलेल्या काकड्या, बीटाचा लालभडक कीस
आणि आंबवलेला कोबी,
जो झाकण फिरवताच
पाच मजल्यांच्या जिन्याला सांगून टाकतो
कोणाची आई अजून जिवंत आहे ते.

मग आईचा फोन. जेवलीस का, हे नंतर.
आधी, रिकाम्या किती झाल्या?
आणि झाकणासकट पाठव.
गेल्या खेपेला तीन बोडक्या आल्या.

मी शिकलेली बाई. आमच्या इमारतीखाली
पाच रंगांचे पाच डबे आहेत, मी नियम पाळते.
दह्याचा डबा विसळून पिवळ्यात,
चहाचा चोथा तपकिरीत,
काच हिरव्यात.
सप्टेंबरात पाहुणे यायचे होते, ओटा मोकळा हवा होता,
चौदा बरण्या एका दमात हिरव्यात सोडल्या.
झाकणं धातूची, ती पिवळ्यासाठी बाजूला काढली.
खळ्ळकन आवाज आला
आणि उगाच पुण्य केल्यासारखं वाटलं.

आलुबुखारच्या मोसमात आईनं वही काढली.
अशी वही आहे हेच मला ठाऊक नव्हतं.
"चौदा कमी आहेत."
मी म्हटलं, अगं, वितळवून नव्या करतात त्यांच्या.
"फुटल्या नसताना?"
त्यानंतर बराच वेळ फोनवर
फक्त तिच्या पातेल्यातला रटरटणारा मुरांबा.

पहिल्या नोव्हेंबरला गावी गेले.
त्या दिवशी आमच्याकडे सगळेच
आपापल्या गेलेल्यांना भेटायला जातात.
कब्रस्तानच्या फाटकाशी काचेच्या कंदिलांची दुकानं,
सोनेरी टोप्या, प्लास्टिकचे देवदूत.
मी पाकीट काढलं. आईनं मनगट धरलं.
भिंतीला टेकून फळ्यांची एक मांडणी होती, वर पत्रा,
खडूनं लिहिलेलं : ठेवा. न्या.
मागच्या वर्षीचे कंदील, कोणी धुतलेले,
कोणी मेणासकट तसेच टाकलेले.
मी हळूच म्हटलं,
बाबांना दुसऱ्याच्या मेलेल्याचा दिवा?
आईनं एक निळा उचलला,
आतली काजळी नखानं खरवडली, हातरुमालानं पुसला.
"तुझ्या बापाला लग्नात कोट भावाचा होता.
शोभला होता लुत्सयानला."

आत फक्त नवी वात ठेवायची, तेवढेच पैसे.
वारा होता. तिसऱ्या काडीला लागली.
शेजारच्या वाटेनं जाणारी एक बाई थबकली,
कंदिलाकडे बघत राहिली.
"तळाला टवका उडालाय का?"
आईनं बोटानं चाचपलं. होता.
ती बाई काही बोलली नाही.
वाकून कंदिलाचं झाकण, जे मी तिरकं बसवलं होतं,
सरळ केलं
आणि गेली.
दोन ओळी पलीकडे ती कोणासमोर उभी राहिली
ते मी पाहिलं नाही. पाहावंसं वाटलं होतं.

वॉर्साला परतले, ड्रॉवर उघडला, सुतळी शोधत होते.
कागदी पिशवीत ती चौदा झाकणं.
पिवळ्या डब्यात टाकायची राहूनच गेलेली,
काहींवर आईच्या अक्षरातलं साल,
काहींवर तिच्याही आधीच्या कोणाचं तरी.
बसवाल्यानं विचारलं, एवढं हलकं काय पाठवताय?
मी म्हटलं, जरा जपून.

रात्री फोन. जेवलीस का, नाहीच.
"पोचली. तीन त्या बोडक्यांना बसली.
अकरा उरली."
वहीचं पान उलटल्याचा आवाज.
"आता तुझ्या त्या इमारतीत विचार,
कोणी बरण्या टाकतंय का.
फुटलेल्या नकोत."